दिवाणखान्यासाठी हाताने रंगवलेली तैलप्रतिकृती : दाविद, अँग्र की आणखी कोणी?

माजघर | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. ठाण्यात नवीन घरात येऊन चार महिने झाले. सोफ्यामागची अकरा फुटी भिंत अजून मोकळी आहे आणि येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून काहीतरी सुचवून जातो. वारली झालं, बुद्ध झाला, धावणारे सात घोडेही झाले.

मागच्या वर्षी पॅरिसला गेलो होतो. लूव्रमध्ये सगळे मोनालिसाच्या गर्दीत होते, तेव्हा मी फ्रेंच चित्रकार दाविदच्या 'मादाम रेकामिए'समोर बाकावर बसून होते. पांढरा झगा, अनवाणी पाय, मान वळवून आपल्याकडे बघणारी ती बाई. तेव्हापासून डोक्यात आहे की भिंतीवर तीच हवी. छापील पोस्टर नको, कॅनव्हासवर हाताने रंगवलेली प्रत हवी. नेटवर 'शंभर टक्के हस्तनिर्मित' म्हणणाऱ्या ढिगाने साइट आहेत. ३६ इंच रुंदीला कुणी नऊ हजार म्हणतं, कुणी पंचावन्न हजार. एवढा फरक कशाचा? निओक्लासिकल (म्हणजे दाविदच्या काळातल्या, ग्रीक-रोमन वळणाच्या) व्यक्तिचित्राची प्रत कुणी घेतली आहे का? ओल, बुरशी वगैरेचाही अनुभव सांगा. बजेट चाळीसपर्यंत, जरा ताणता येईल.

गवतीचहा | रविवार, रात्री १०:३०

वाचतेय. साबांना (सासूबाईंना) विचारलंत का? आमच्याकडे परकी बाई भिंतीवर आडवी पहुडलेली चालली नसती ;-)

माजघर | रविवार, रात्री १०:३४

साबांना अजून फोटो दाखवलेला नाही. त्यासाठी वेगळा धागा काढेन.

रंगपेटी | सोमवार, सकाळी ७:५०

मी पोर्ट्रेट करतो, पंचवीसेक वर्षं झाली. प्रतिकृतींची कामंही घेतो, तेव्हा माझं मत थोडं स्वार्थी धरा. (मी ठाण्यात नाही आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका, सध्या हात भरलेले आहेत.)

आधी फरकाचं. व्हॅन गॉगची बऱ्यापैकी कॉपी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दोन दिवसांत करतो, कारण ब्रशचे फटकारे समोर दिसतात आणि त्यांच्या मागे मागे जाता येतं. दाविद किंवा अँग्र, या दोन फ्रेंच चित्रकारांकडे फटकारा सापडतच नाही. गाल उजेडातून सावलीत कुठे गेला ते बोट ठेवून सांगता येत नाही. ते एका बैठकीत होत नाही. खालचा थर वाळू द्यायचा, त्यावर पातळ थर, तो वाळला की पुन्हा. तेलरंगाला वाळायला वेळ हा लागतोच. दहा दिवसांत डिलिव्हरी देणारा माणूस ओल्यावर ओलं रंगवतो, मऊ ब्रशने घोटतो आणि त्याला 'स्मूद फिनिश' म्हणतो. मग चेहरा मेणाचा दिसतो. नऊ हजार आणि पंचावन्न हजारांमधला निदान अर्धा फरक या वाळण्याचा आहे.

आता रेकामिए. वाईट वाटेल, पण ती घेऊ नका.

एक, मूळ चित्र १७४ × २४४ सेंटीमीटर आहे. म्हणजे आठ फूट रुंद. ते ३६ इंचात आणलं की पावणेतीन पट आक्रसतं आणि चेहरा लिंबाएवढा उरतो. लिंबाएवढ्या चेहऱ्यात ती नजर आणणं मला जमणार नाही. नऊ हजारवाल्याचा विचारही नको.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. ते चित्र अपुरं आहे. १८०० साली दाविदने सुरू केलं आणि सोडून दिलं. त्याच्याच शिष्याला, जेरारला, तिचं चित्र काढायला सांगितलं गेलं हे त्याला लागलं म्हणतात. जेरारचं चित्र पॅरिसच्याच कार्नावाले संग्रहालयात आहे. दाविदच्या चित्रातली मागची भिंत नीट बघा. तो सपाट रंग नाही. पातळ तपकिरी-करडा रंग कोरड्या ब्रशने घासत नेलाय, खालचा थर मधूनमधून श्वास घेतो. त्या रिकामेपणावर सगळं चित्र उभं आहे. कॉपीवाले काय करतात? तिथे एक छानसा खाकी रंग सारवून टाकतात. झालं, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये झोपलेली बाई.

माजघर | सोमवार, सकाळी ९:०५

रंगपेटी, दंडवत घ्या. सकाळी सकाळी स्वप्न मोडलंत, पण वेटिंग रूम वाचून नवरा चहा सांडेपर्यंत हसला. मग घ्यावं तरी काय?

फिरस्ता_सेनकाठचा | सोमवार, दुपारी २:४०

पॅरिसच्या उपनगरात राहतो. लूव्रमध्ये सकाळच्या वेळी खरेखुरे कॉपी करणारे बसलेले दिसतात. संग्रहालय १७९३ मध्ये उघडलं तेव्हापासूनची ही प्रथा. रीतसर परवाना लागतो, ईझल लूव्रच देतं. दोन नियम मला फार आवडतात. प्रत मूळ चित्राच्या मापाची चालत नाही, निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी हवी. आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही.

मागे एक आजोबा अँग्रच्या 'मादमवाझेल रिव्हिएर'समोर दिसले. पांढरा झगा, कोपरापलीकडे जाणारे पिवळसर हातमोजे, गळ्यात पांढऱ्या फरचा लांब पट्टा, मागे नदीकाठ. १८०६ चं चित्र, मुलगी तेरा ते पंधराच्या मधली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी वारली. मी तीन आठवड्यांत दोनदा गेलो. दोन्ही वेळा आजोबा तिच्या ओठांवरच होते.

मूळ माप १०० × ७०. फ्लॅटच्या भिंतीला हे माप सोसतं.

खिडकीपाशी | सोमवार, दुपारी ३:१५

आमची फसगत सांगते, कुणाला उपयोग होईल. दोन वर्षांपूर्वी एका साइटवरून अशीच 'हस्तनिर्मित' प्रत मागवली. आली, छान दिसली, हात फिरवला तर ब्रशचे उंचवटेही लागले. सहा महिन्यांनी लेकाने शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग चित्रावर धरलं आणि ओरडला, "आई, हिच्या नाकावर ठिपके आहेत!" निळे, गुलाबी, पिवळे. कॅनव्हासवर छापलेलं चित्र होतं आणि वर पारदर्शक जेल ब्रशने फिरवलेली. मग लक्षात आलं की उंचवटे सगळीकडे एकाच दिशेने आडवे आहेत. गालाला गालासारखी गोलाई नाही, झग्याला चुणीसारखी नाही. साइटवाल्यांना मेल केले तर म्हणे, 'हाताने सजवलेली' असं आमच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. होतं लिहिलेलं, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

रंगपेटी | सोमवार, रात्री ९:२०

खिडकीपाशी, भिंगाची युक्ती उत्तम. वासही घेऊन बघावा, नव्या तेलरंगाला जवसाच्या तेलाचा वास महिनोन्महिने राहतो. आणि अर्धवट अवस्थेतले फोटो मागायचे. नुसता शेवटचा फोटो कुणीही पाठवेल. पहिला तपकिरी थर, मग चेहरा अर्धा झालेला, असे हवेत. खरंच रंगवणाऱ्याकडे ते असतातच.

गिऱ्हाईक नमुना बघताना साटीन आणि लेस बघून खूश होतं. साटीन सोपं असतं हो! उजळ पट्टी, गडद पट्टी, मध्ये एक चमक, सरावाने कुणालाही येतं. तुम्ही केस आणि कपाळ मिळतात ती कड बघा. तिथे कातडी हळूच केसांत विरघळायला हवी. स्वस्त कॉपीत तिथे रेघ असते आणि बाईने टोप घातल्यासारखं दिसतं. दुसरी जागा हनुवटीखालची सावली. तिथे काळा रंग मिसळलेला असला की मान मळकी दिसते, साबण लावून धुवावीशी वाटते.

आठवामजला | मंगळवार, पहाटे ४:०० (जर्सीत अजून सोमवारच आहे)

अँग्रचा विषय निघालाच आहे तर माझी कथा ऐका. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात अँग्रची 'कोंतेस दोसोंव्हिल' आहे, १८४५ ची. निळसर करडा झगा, हनुवटीशी बोट, मागे आरसा आणि आरशात तिची पाठमोरी मान. मी तिच्यासाठी वेडी आहे. पन्नाशीला नवऱ्याने विचारलं काय हवं, म्हटलं ही हवी.

एका चित्रकाराला काम दिलं, चांगला हात होता, दर टप्प्याला फोटो यायचे. तिसऱ्या फोटोत काहीतरी खटकलं. बाई तीच, झगा तोच, पण कुणीतरी तिला दामटून सरळ बसवल्यासारखी. दोन दिवस कळेना. मग मूळ फोटो शेजारी ठेवला. मूळ चित्रात तिचा उजवा हात खांद्यातून निघतच नाही, बरगडीतून उगवल्यासारखा आहे. आमच्या चित्रकाराने तो 'दुरुस्त' केला होता! विचारलं तर म्हणाला, मॅडम, अॅनाटॉमीची चूक होती, मी नीट करून दिली, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

हात नीट झाला आणि चित्र मेलं. पासपोर्टचा फोटो झाला. परत चुकीचं करून द्या म्हणून मला विनवण्या कराव्या लागल्या.

रंगपेटी | मंगळवार, सकाळी ८:१०

हाहाहा! 'परत चुकीचं करून द्या' हे मी स्टुडिओत लिहून लावणार आहे.

आमच्या शिक्षणाचाच दोष आहे तो. आधी हाडं, मग स्नायू असं डोक्यात घट्ट बसवलेलं असतं. अँग्रला रेषेची लय मोडायची नव्हती, मग त्यासाठी एखादं हाड इकडचं तिकडे झालं तरी बेहत्तर. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याची बसलेली 'मादाम म्वातेसिए' आहे. आरशात तिचा चेहरा चक्क बाजूने दिसतो. त्या कोनातून तसा दिसणं शक्यच नाही. हे चित्र १८४४ ला हाती घेतलं आणि १८५६ ला संपलं, म्हणजे बारा वर्षांत त्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही ना?

तेव्हा ऑर्डरमध्ये लिहूनच द्यायचं : काहीही सुधारू नये.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ११:३०

मला एक कळत नाही. फ्रान्समधल्या सरदारणी आपल्या भिंतीवर कशाला? त्याच काळात पुण्यात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार बसला होता. १७९२ चं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र त्याचंच. मूळ लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. काढायचीच प्रत तर त्याची काढा. निदान पाहुण्यांना सांगता येईल कोण आहे ते.

माजघर | मंगळवार, दुपारी १२:०५

कोकणकडा, मुद्दा पटतो आणि नानांबद्दल आदर आहेच. पण नाना फडणवीस माझ्याकडे बघत असताना मला सोफ्यावर लोळून वेबसिरीज बघता येणार नाही.

आठवामजला | मंगळवार, दुपारी १२:२०

=)) =))

फिरस्ता_सेनकाठचा | मंगळवार, दुपारी ४:५०

कोकणकडा यांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. या चित्रांतली माणसं कोण होती हे माहीत असलेलं बरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं दाविदचं 'लाव्वाझिए आणि त्यांची पत्नी' घ्या, १७८८ चं. लाव्वाझिए म्हणजे तो रसायनशास्त्रज्ञ, शिवाय राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीतला भागीदार. टेबलावर काचेची उपकरणं, नवरा लिहितोय, बायको त्याच्या खांद्यावर रेलून आपल्याकडे बघतेय. विज्ञानप्रेमी जोडपं म्हणून आपण कौतुक करतो. २०२१ मध्ये संग्रहालयाने तपासणीचे निष्कर्ष मांडले. खालच्या थरात बाईच्या डोक्यावर पिसं-फुलं लावलेली भली मोठी फॅशनेबल टोपी होती आणि ती उपकरणं नव्हतीच. म्हणजे दाविद आधी एका धनाढ्य करवसुली भागीदाराचं चित्र काढत होता, वैज्ञानिकाचं नंतर झालं. आणि करवसुलीपायीच १७९४ मध्ये लाव्वाझिएचं डोकं गेलं.

दुसरं, मारी-गिय्येमिन बनुआचं १८०० चं चित्र. कृष्णवर्णीय तरुणी, पांढरं वस्त्र, पांढरा फेटा, निळी शाल, एक स्तन उघडा. पूर्वी नुसतं वंशावरून नाव होतं, २०१९ मध्ये तिचं स्वतःचं नाव लावलं गेलं, 'मादलेन'. ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतून आलेली. फ्रान्सने १७९४ ला गुलामी रद्द केली होती आणि १८०२ ला नेपोलियनने वसाहतींत परत आणली. मधल्या आठ वर्षांतलं हे चित्र. ८१ × ६५, म्हणजे माप घरगुती आहे आणि रंगकाम दाविदच्या तोडीचं. पण सोफ्यामागे लावावं का? मी नाही लावणार. सजावट म्हणून तिच्याकडे बघणं मला जड जाईल.

गवतीचहा | मंगळवार, सायंकाळी ६:१५

फिरस्ता, छान प्रतिसाद. चित्र बघून आले. ती काय बघते हो समोर! मी मात्र लावेन. सोफ्यामागे नाही, लिहायच्या टेबलासमोर.

जुनीभिंत | मंगळवार, रात्री १०:००

मी इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर. कलेतलं कळत नाही, भिंतीचं कळतं. भिंतीपलीकडे बाथरूम आहे का ते आधी बघा. असेल तर तिथे कॅनव्हास नको. बाहेरची पश्चिमेकडची भिंत असेल तरी नको, पावसाळ्यात आतून गार पडते आणि चित्राच्या पाठीमागे बुरशी धरते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळती राहते. जिप्सम पार्टिशन असेल तर आत प्लायचा आधार घेतल्याशिवाय जड फ्रेम टांगू नका. एका क्लायंटकडे रात्री दोनला चित्र उतरलं, घरच्यांना वाटलं चोर शिरले.

एसीचा झोत थेट नको. खाली देवघर किंवा उदबत्ती नको. दिवा उबदार, तीन हजार केल्विनच्या आसपास, रंग नीट दाखवणारा. पांढऱ्या ट्यूबखाली सगळे गोरे लोक कावीळ झाल्यासारखे दिसतात.

रंगपेटी | मंगळवार, रात्री १०:४०

जुनीभिंत, शंभर टक्के सहमत. एकच भर. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. बटाट्याची फोड घासून चित्र उजळतं असा एक महान घरगुती उपाय फिरतोय, तो करणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. मऊ कोरडा ब्रश, वर्षातून दोनदा, बस्स. तैलचित्राला काच लागत नाही, फ्रेमवाला कितीही म्हणाला तरी.

माजघर, आता माझी सूचना. एलिझाबेथ विजे ल ब्रं हिचं स्वतःचं चित्र बघा, गवती हॅटमधलं. शुद्धिवादी लगेच म्हणतील ही निओक्लासिकल नाही, रोकोकोच्या, म्हणजे त्याआधीच्या नटव्या शैलीच्या, उंबऱ्यावरची आहे. म्हणू द्या. मूळ चित्र १७८२ चं आणि ते खासगी संग्रहात आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जे आहे ती तिने स्वतःच काढलेली प्रत! लोकांना इतकं आवडलं की तिने पुन्हा काढलं. म्हणजे तुम्ही प्रतीची प्रत कराल आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. नाहीतरी आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनची पाच चित्रं दाविदकडूनच बाहेर पडली. त्या काळी कुणी मुरडलं नाही नाक.

कोकणकडा यांच्यासाठी अवांतर : याच बाईने १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवलं. राणीला आतल्या कपड्यांत दाखवली म्हणून गहजब झाला, चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं, आणि रेशमी पोशाखातलं, तसंच हातात गुलाब घेतलेलं दुसरं काढून द्यावं लागलं. मलमल म्हणजे मूळ आपल्याकडची चीज. तेव्हा संबंध आहेच थोडासा.

माप ९७.८ × ७०.५. लूव्रच्या नियमाने एक पंचमांश कमी करा, म्हणजे ७८ × ५६. डोकं फार आक्रसत नाही. परीक्षेची जागा एकच : हॅटच्या कडेची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडते, पण त्या सावलीतही कातडी उबदार, गुलाबीच राहते. तिथे राखाडी आलं की काम फसलं. चित्रकाराला आधी तेवढाच तुकडा करून मागा, हॅटच्या काठापासून ओठांपर्यंत. त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका.

माजघर | बुधवार, सकाळी ८:३०

रात्री दोनपर्यंत तिचा चेहरा मोठा करून बघत होते. हातात पॅलेट आहे, ब्रश आहेत, मागे नुसतं आकाश. ही बाई कुणासाठी बसलेली नाही. ठरलं.

माजघर | शनिवार, सायंकाळी ७:४५

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, माफी असावी.

एका चित्रकार मुलीला काम दिलं. नमुन्याचा तुकडा पहिल्यांदा आला त्यात सावली करडी होती. रंगपेटी यांचा प्रतिसाद तिला तसाच्या तसा पाठवला. ती चिडली नाही, म्हणाली दहा दिवस द्या. दुसऱ्या तुकड्यात डोळे जिवंत होते. पैसे बेचाळीस हजार झाले, तुकड्याचे धरून. सही तिने स्वतःची केलीय, पाठीमागे, 'विजे ल ब्रंवरून' असं लिहून.

चित्र गुंडाळून नळीत आलं, रंगाची बाजू बाहेर. मी घाबरले, पण तसंच गुंडाळायचं असतं म्हणे, आत ठेवलं तर उलगडताना रंग ताणून तडकतो. इथे लाकडी चौकटीवर ताणून घेतलं, कोपऱ्यात पाचरी ठोकल्या. फ्रेमवाला काच लावतोच म्हणून हटून बसला होता, मी दुकानात उभं राहून नाही लावू दिली. बाथरूमची भिंत नव्हती, बुचाचे तुकडे लावलेत.

आता साबा. पहिले दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हिच्या हातात ते रंग कशाला?" म्हटलं, हिनेच काढलंय हे, स्वतःचं. "स्वतःचं? आणि कानातलं बघ कसं झोकात घातलंय." आता कुणी आलं की त्याच सांगतात, चहा ठेवायच्या आधी.

रंगपेटी, घरभर तेलाचा वास आहे अजून. वॉर्निश कधी करायचं?

रंगपेटी | शनिवार, रात्री ९:०५

फोटो पाहिला. सावली जमलीय, पोरीला सांगा. आकाश जरा जास्त निळं झालंय, पण ते चालेल.

निदान सहा महिने थांबा, पांढरा जिथे जाड आहे तिथे वर्षही लागेल. तोवर साबांना बोट लावून दाखवू देऊ नका.